वरच्या मजल्यावरची जर्मन सकाळ

"गल्लीतील सर्व नागरिकांना कळविण्यात येते, की आजपासून या इमारतीच्या वरच्या मजल्यावर सकाळ साडेतीन तास उशिराने होईल. पेपरवाले, दूधवाले आणि उठल्या उठल्या उसनी साखर मागायला येणाऱ्या भगिनींनी याची नोंद घ्यावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर नाही."

ही घोषणा आमच्या घरमालकांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, वरच्या गॅलरीत उभं राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून केली. माइक नव्हता. त्यांना माइक लागायचा नाही. एसटी स्टँडवर जन्मभर घोषणा केलेल्या माणसाचा गळा तो. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात ते नुसते खाकरले तरी कुत्री उठून बसायची. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली आणि वर बघून विचारलं, "काय झालं ओ कंट्रोलर? कोण गेलं?"

"कोण गेलं न्हाय. मी जर्मनीच्या टायमावर गेलोय," एवढं बोलून ते आत गेले आणि झोपले.

आता यात खरा प्रश्न असा, की जर्मनीला ते गेले नव्हते. त्यांचं कुणीच गेलं नव्हतं. गेली होती ती आमची मनू. आम्ही तळमजल्यावरचे भाडेकरू. मी शाळेत शिकवते, आमचे हे उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत आहेत, आणि मुलगी धातूच्या ओतकामाचं पुढचं शिक्षण घ्यायला परदेशी गेली. म्हणजे मुलगी आमची, विरह आमचा, आणि घड्याळ मागं केलं घरमालकांनी.

त्यांना मूलबाळ नव्हतं असं लिहिलं, तर वाचणारे लगेच डोळ्याला पदर लावतील, म्हणून आधीच सांगते. दोन मुलगे होते, दोघंही पुण्यात होते आणि दोघंही मजेत होते. काकांना कसलंही दुःख नव्हतं. त्यांना फक्त रिटायर झाल्यापासून सोडायला गाडी उरली नव्हती.

सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणायची. मी काका म्हणायची, मनू आबा म्हणायची. ते मला वैनी म्हणायचे आणि आमच्या ह्यांना पावणं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या घरात राहिलो, पण ह्यांचं पावणंपण काही सुटलं नाही. भाडं वाढवायची वेळ आली की ते जास्तच प्रेमानं "या की पावणं, बसा की" म्हणायचे, आणि आमचे हे बसायच्या आधीच घामाघूम व्हायचे.

काकांच्या दोन भाषा होत्या. घोषणेची एक आणि घरची एक. घोषणेची भाषा इस्त्री केलेली. "तळमजल्यावरील भाडेकरूंनी लक्ष द्यावे, नळाला पाणी आलेले असून ते फार काळ थांबणार नाही." आणि हे संपलं, की त्याच दमात जिन्यावरून, "वैनी, घागर लावा की ओ, झोपलाय काय." या दोन भाषांची त्यांनी कधी सरमिसळ केली नाही. स्टँडवर असतानाही, म्हणे, खिडकीच्या आतला माणूस आणि बाहेर चहा पिणारा माणूस एकच आहे हे कित्येक ड्रायव्हरांना पटायचं नाही.

पण त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते दोन्ही भाषांत सारखं होतं. "गाडी उशिरा येऊ दे, वैनी. लोक शिव्या देतील, भजी खातील, बसतील. पर येळ चुकीची सांगितली, तर माणूस फलाटावर आसून त्याची गाडी जाती. ह्यापरास मोठं पाप न्हाय बघा." सगळ्या नोकरीत आपण एकदाही चुकीची वेळ पुकारली नाही, हे ते जोतिबाच्या डोंगरावर जाऊन सांगून आले होते. देवाला माहीत नसेल म्हणून.

मनू जायच्या आदल्या दिवशी बॅग भरायला तेच बसले. बसले म्हणजे शब्दशः बॅगेवर बसले. वजनाची मर्यादा होती. त्यांनी बॅगेतून दोन जाडजूड पुस्तकं काढली आणि तिथं कांदा-लसूण चटणीचा डबा ठेवला. मनू कळवळून म्हणाली, "आबा, ती अभ्यासाची आहेत."

"पुस्तकं जर्मनीत मिळत्यात. ही चटणी मिळती व्हय तितं?"

मग त्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं. रिटायर होताना स्टँडवरच्या मंडळींनी दिलेलं. ते तिच्या हातावर बांधून म्हणाले, "हे जर्मनीच्या टायमाला लावलंय मी. माझं वरचं भिताडावरचंबी तसंच लावतोय. दोन्ही एका ठोक्याला चालत्यात. ह्याला हात लावायचा न्हाय. आणि सकाळी उठवायचं काम माझं. तुझा त्यो मोबाईलचा गजर मला ठावं हाय, सगळी गल्ली उठती आणि तू ऱ्हातीस."

हे खरं होतं. मनूची झोप हा आमच्या घराण्याचा ठेवा आहे.

अशा रीतीनं वरच्या मजल्यावर जर्मनी सुरू झाली. सकाळी साडेनऊला काका उठून दात घासायला गॅलरीत यायचे, तेव्हा मी शाळेत दुसरा तास घेत असे. दुपारचं जेवण चारला. संध्याकाळचा फेरफटका लोकांची जेवणं उरकल्यावर. त्यांची सगळ्यात मोठी अडचण झाली ती दुधाची. आमच्याकडे संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. काकांचा रोजचा नेम होता तो. आता ते पोचायचे तोवर म्हशी घरी गेलेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी गवळ्याला अडवलं.

"एक म्हस माझ्यासाठी ठेवत जा की रं मागं."

"काका, म्हशीला जर्मनी कळत न्हाय."

"मग शिकीव की. पाडव्याच्या शर्यतीत नटूनथटून मोटारसायकलीमागं पळाय येतंय तिला, एवढं येत न्हाय व्हय?"

गवळी हसला, पण म्हैस काही थांबली नाही. काकांनी दूध सोडलं. तत्त्वासाठी माणूस काय काय सोडतो.

काकूंनी मात्र आपल्या वेळा तसूभर बदलल्या नाहीत. त्या नेहमीसारख्या सकाळी स्वयंपाक करून मोकळ्या व्हायच्या. काकांनी चार वाजता भाकरी गार असल्याची तक्रार केली तेव्हा त्या म्हणाल्या, "जर्मनीत बायका दुपारच्याला चूल पेटवत न्हाईत म्हणं. मीबी आता जर्मनच."

दिवाळीत तर कहर झाला. सगळी गल्ली पहाटे अंघोळी करून, फराळ करून, नवे कपडे चुरगळून बसली होती, आणि ऊन चांगलं तापल्यावर वरच्या मजल्यावरून पहिल्या अंघोळीचा फटाका वाजला. गिरणीवाल्याची सून घाबरून बाहेर आली. काका उटणं लावून, पाटावर बसून, अंगणात उभ्या असलेल्या मला म्हणाले, "आत्ता पहाट हाय वैनी. अंधार हाय समजा."

मी अर्थातच समजले. मला असली नाटकं फार आवडतात आणि संधी मिळाली की मी त्यात काम करून घेते. एका उकाड्याच्या दुपारी मी त्यांना सहज म्हणून सांगितलं, की मनूकडे अचानक बर्फ पडायला लागलाय. हा माणूस कानटोपी आणि पुतण्याच्या लग्नातला कोट घालून मंडईत गेला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "शून्याच्या खाली गेलंय." घामानं कोट पाठीला चिकटला तरी काढला नाही. संध्याकाळी मनूनं फोनवर स्वच्छ ऊन दाखवलं आणि माझं बिंग फुटलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून घोषणा झाली: "तळमजल्यावरील भाडेकरू हवामानाविषयी अफवा पसरवीत असून, नागरिकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवू नये." भाजीवाली पुढं आठवडाभर माझ्याकडून सुटे पैसे मोजून घेत होती.

जर्मनीतले नियमही हळूहळू वरच्या मजल्यावरून खाली उतरले. तिकडे रविवारी कुणी आवाज करत नाही, हे मनूकडून कळल्यावर त्यांनी आमच्या ह्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली. हे बिचारे कामावरून आल्यावर देव्हाऱ्याचा खिळा ठोकत होते. "पावणं, आज आइतवार. जर्मनीत आज भिताडाला हात लावत न्हाईत." देव सोमवारपर्यंत कपाटावर बसून राहिले.

आणि बातम्या. गल्लीच्या नळावर काका रोज मनूचं बातमीपत्र द्यायचे. मी आई असून मला ते बायकांच्या मागं रांगेत उभं राहून ऐकावं लागायचं. "मनूनं आज जुनी सायकल घेतली." दुसऱ्या दिवशी: "मनूची सायकल चोरीला गेली." बायका हळहळल्या. कुणीतरी जर्मन लोकांना शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी, जरा खालच्या आवाजात: "मनूची सायकल सापडली. तिनंच दुसऱ्या दाराला लावली होती." मग जर्मन लोकांना दिलेल्या शिव्या रीतसर परत घेण्यात आल्या. "मनूच्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांना गुलाबी रंग लागला. मशीनला काय कळत न्हाय." "मनूला पाव चावंना." "मनूनं चटणी घातली, आता पाव चावतोय." कधी चढ, कधी उतार, आणि सगळं घाटातल्या गाडीसारखं काकांच्या ताब्यात.

मीही हसायची, टाळ्या द्यायची, घरी येऊन ह्यांना नकला करून दाखवायची. माणसाला रिकामपणात एखादं खूळ लागतं तसं हे लागलंय, असं माझं पक्कं मत होतं. मग एके दिवशी शाळेतून लवकर आले आणि परत करायचा पुरणाचा डबा घेऊन वर गेले. चार वाजले होते. काका पाटावर बसले होते, समोर ताट होतं, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता. मोबाईलमध्ये मनू. तिच्यासमोर तिचं ताट. मागं मोठं उपाहारगृह, टेबलाटेबलांवर मुलांचे घोळके, आणि तिच्या टेबलावर ती एकटी.

दोघं फारसं बोलत नव्हते. काकांनी घास घेतला की ती घेत होती. "भात घे आजून," काका म्हणाले. "आबा, हा बटाटा आहे." "मग बटाटा घे."

मी डबा खाली ठेवला आणि दारातच उभी राहिले. फोन झाल्यावर ते ताट उचलत म्हणाले, "एकटीला घास उतरत न्हाय वैनी तिला. पयल्या दिवशीच सांगितलं मला तिनं. मग म्हटलं, आपल्याला काय, कवाबी भूक लागती."

त्या दिवसापासून मी नकला बंद केल्या नाहीत, कारण नकला फार चांगल्या जमत होत्या. पण घड्याळाविषयी मात्र पुन्हा काही बोलले नाही.

दिवाळी संपता संपता मनूचा मला एक फोन आला. शाळेला सुट्टी होती, घरात मी एकटीच होते. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मी दिवसभरात तोंडातून फक्त 'सॉरी' काढते. बसमध्ये सॉरी, दुकानात सॉरी, वर्गात बसायला जागा मागताना सॉरी. दुसरं काही बोललेच नाहीये मी इथं आल्यापासून." सोमवारी तिला सगळ्या वर्गासमोर उभं राहून आपला विषय मांडायचा होता. पहिल्यांदाच. "तेवढं करते, कारण नाव दिलंय. मग तिकीट काढते. मला परत यायचंय."

'ये' म्हणावं तर पोरीनं इतकी धडपड करून मिळवलेलं शिक्षण सुटतं, 'राहा' म्हणावं तर पोर सुटते. मी म्हटलं, "सोमवार होऊ दे." ह्यांना सांगितलं. मग मी काकांना सांगितलं. उठवायचं काम त्यांचं होतं.

ते जिन्यावर बसले. "येऊ दे की," म्हणाले. "घर हाय तिचं. पर वैनी, भिऊन उतरलेला प्याशिंजर आणि ठिकाण आलं म्हणून उतरलेला, ह्यात फरक हाय. सोमवारी तिला येळंवर पोचवायची जिम्मेदारी माझी. पुढचं तिचं ती बघंल."

सोमवारी फौंड्रीला सुट्टी असते, त्यामुळे आमचे हे घरीच होते. भिंतीवरच्या जर्मन घड्याळात सहा वाजले तसे काका मोबाईल घेऊन खाली आमच्या अंगणात आले. काकूही आल्या. त्यांनी फोन लावला आणि पुकारलं, "मनू बाळ, आपली गाडी फलाटावर लागत असून आपण त्वरित अंथरूण सोडावे." तिकडं केस पिंजारलेली मनू उठून बसली. ती उठल्याचं बघून काकांनी फोन ठेवला आणि ती निघायच्या वेळेला परत लावला. "गाडी सुटंस्तोवर कंट्रोलर खिडकी सोडत न्हाय."

ती चालत निघाली. रस्त्यावर दिवे होते, माणूस नव्हतं. "आबा, आज बाहेर कुणीच दिसत नाही हो."

"थंडीचं दिवस. सावकाश उठायची लोकं."

तिच्या विभागाची इमारत आली. काचेचं मोठं दार, आणि दाराला कुलूप. पायरीवर एक मुलगी बसली होती. मनूच्याच वर्गातली, व्हिएतनामहून आलेली, लान नावाची. महिनाभर दोघी एका खोलीत बसत होत्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी दोघींचाही नंबर होता. मनूला बघून लानचा जीव भांड्यात पडला, आणि लानला बघून मनूचा. दोघींना वाटलं, ही आली आहे म्हणजे आपण बरोबर वेळेवर आहोत.

दार उघडेना. थोड्या वेळानं लाननं खिशातून मोबाईल काढला, बघितला, मग आपल्या हातातलं गावाकडून आणलेलं छोटं गजराचं घड्याळ बघितलं. मग मनूच्या मनगटाकडे बोट केलं. मनगट आणि गजर यांचं जमत होतं. मोबाईल एक तास मागं होता.

झालं होतं असं, की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे सगळा देश आपली घड्याळं तासभर मागं करतो. मोबाईल आपले आपण बदलतात. रविवारचा अख्खा दिवस दोघी आपापल्या खोलीत दार लावून तयारी करत बसल्या होत्या. सगळ्या देशानं एक तास मागं सारला आणि या दोघींना ते सांगायला कुणी नव्हतं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग पायरीवर बसून. आम्हाला इकडून नुसती आभाळाची चौकट आणि हसण्याचा आवाज. महिन्याभरात मनूचं हसणं ऐकलं नव्हतं मी.

"का हसाय लागलीस ग?" काकांनी विचारलं. मनूनं धापा टाकत सगळं सांगितलं.

काकांचा चेहरा असा झाला, की मी त्यांना खुर्ची दिली. "म्हंजे मी चुकीची येळ पुकारली," ते म्हणाले. "अंधारात काढलं पोरीला." काकू काहीतरी टोचून बोलणार होत्या, त्या बोलल्या नाहीत. यावरून प्रसंग ओळखावा.

तेवढ्यात फोनमधून मनूचा आवाज आला. "आबा, आता दार उघडेपर्यंत काय करू मी?"

आणि काका उठले. काय करू असं प्रवाशानं खिडकीशी येऊन विचारलं, की उत्तर द्यायचं, ही जन्माची सवय. "काय करू म्हंजे? तुझं ते म्हणून दाखीव की. आमी हाय हितं."

"आबा, इंग्रजीत आहे."

"आसू दे. मी जन्मभर घोषणा केल्या, त्या तरी कुणाला कळल्या व्हय?"

मनूनं मोबाईल लानच्या हातात दिला आणि बंद दारासमोर उभी राहिली. सुरुवात केली ती इतक्या बारीक आवाजात, की आम्हाला वाटलं फोन तुटला. काकांनी पहिल्याच वाक्याला थांबवलं. "तोंड वर कर. शेवटच्या फलाटावरच्या म्हातारीला ऐकू गेलं पायजे."

"इथं म्हातारी नाहीये आबा."

"हितं हाय," असं म्हणून त्यांनी मोबाईल काकूंकडे फिरवला. काकू म्हणाल्या, "न्हाय बाई ऐकू येत." त्यांचे कान तिखट आहेत, पण त्या दिवशी त्या नवऱ्याच्या बाजूनं होत्या.

मनूनं परत सुरुवात केली. परत थांबवलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज असा खणखणीत आला, की गिरणीवाला गिरणी बंद करून अंगणात येऊन उभा राहिला. ओतकामात धातूच्या आत हवेचे बुडबुडे का राहतात, हा विषय. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो. मध्येच 'ब्लोहोल' असा शब्द आला आणि आमचे हे, जे आठवड्यात चार वाक्यं बोलतात, एकदम ताठ बसून म्हणाले, "हे आपलंच की. ब्लोहोल. आमच्यात रोज निघत्यात." त्यानंतर तो शब्द आला की ते सगळ्यांकडे अभिमानानं बघायचे, जणू बुडबुडे त्यांनीच पाठवले होते.

मनूचं झाल्यावर काका म्हणाले, "आता त्या पोरीचं होऊ दे. ये ग पुढं." मनूनं सांगितल्यावर लान लाजत उभी राहिली आणि जी सुटली ती थांबेच ना. "तिला म्हणावं घाट हाय, सावकाश," काका म्हणाले. मनूनं ते कसं भाषांतर केलं कोण जाणे, पण लाननं वेग कमी केला. तिचं संपलं तेव्हा काचेपलीकडे दरवाजा उघडणारा माणूस किल्ली हातात घेऊन उभा असल्याचं दिसलं. तो बराच वेळ तिथंच असावा. त्यानं दार उघडलं आणि दोघी आत गेल्या.

मग काका वर गेले. भिंतीवरचं घड्याळ तासभर मागं केलं आणि गॅलरीत आले. "आज सकाळी या ठिकाणाहून चुकीची वेळ पुकारण्यात आली असून, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." एवढंच. गल्लीत कुणी हसलं नाही. मी हसणार होते, पण ह्यांनी माझा हात धरला.

आता आम्ही उचगावच्या बाजूला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलोय. इथं सगळं वेळेवर असतं आणि कंटाळा येतो. काकांना भेटायला आम्ही अधूनमधून जातो. पण त्यांचं चित्र डोळ्यांसमोर येतं ते त्याच सोमवारचं, संध्याकाळी पाचचं, जेव्हा मागं केलेल्या घड्याळाप्रमाणं जर्मनीत दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

आम्ही सगळेच वर जाऊन बसलो होतो. काकूंनी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या वेळेला चूल पेटवून गरम भाकरी केली होती. ताट वाढलेलं, तांब्या जागेवर, तांब्याला मोबाईल टेकवलेला. फोन येईना. रोज ती ताट घेऊन बसता बसताच फोन लावायची. भाकरी गार होत गेली. "कार्यक्रम बिघडला आसंल," काका म्हणाले. "तिकीट काढत आसंल." ह्यांनी ताटाभोवतीचं पाणी उगाच पुसलं. मी मनातल्या मनात तिची खोली आवरायला लागले होते. गादीवरची पुस्तकं कुठं ठेवायची, इथपर्यंत आले होते.

फोन वाजला. पडद्यावर मनूचं अर्धं डोकं, आणि मागं इतका गलका की म्हशींचा कट्टा बरा. लान कुणाला तरी हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि टेबलाभोवतीची पाच-सहा पोरं हसत होती.

"आबा, झालं. चांगलं झालं. सर म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं."

"आणि तिकीट?" मी काकांच्या खांद्यावरून ओरडले.

"कसलं तिकीट?" मनूनं मान वळवून कुणाला तरी 'आले, आले' अशी खूण केली. "आई, सगळे थांबलेत माझ्यासाठी. आबा, तुम्ही जेवून घ्या, मी नंतर करते." आणि पडदा काळा झाला.

काका हळूहळू आमच्याकडे वळले, आणि गॅलरीत न जाता, घरच्याच भाषेत, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कापला. माझा फोन कापला की ओ तिनं. बघत काय बसलाय पावणं, जावा, पेढे आणा."